प्रसूतीचे भय आणि मातेचे समाधान

प्रसूतीच्या खोलीला दवाखान्यात 'लेबर रूम' म्हणतात. खामगाव असो, मेहकर असो की मलकापूर, ही पाटी आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेली आहे. इंग्रजीत 'लेबर' या एकाच शब्दाने मजुराचे कष्ट सांगतात आणि बाळंतिणीच्या कळाही सांगतात. आमचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले. शाळा अर्ध्यावर सुटली आणि पुढचे शिक्षण जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात, वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. कष्टाच्या कोणत्याही कामाबद्दल आम्ही तीन प्रश्न विचारीत आलो. या कामात जिवाला धोका किती? त्याचे ओझे हलके करण्याची साधने कोणती, आणि ती कोणाच्या वाट्याला येतात? काम करणाऱ्याला माणूस म्हणून वागविले जाते की नाही? हेच तीन प्रश्न बाळंतपणाला लावून पाहावेत, असे आम्ही योजिले आहे.

कोणी म्हणेल, हा विषय डॉक्टरांचा आणि बायकांचा. संघटनेच्या माणसाचे येथे काय काम? त्यास आमचे उत्तर साधे आहे. प्रसूतीच्या रजेचा अर्ज भरण्यासाठी बाया कचेरीत येतात, बरोबर आई किंवा सासू असते. कागद पुरा होतो आणि मग बोलणे निघते. त्या बोलण्यातून जे कानी आले, त्याचा उलगडा व्हावा म्हणून आम्ही पुस्तके वाचली, जाणत्यांना विचारले. आम्ही वैद्य नव्हे आणि औषधाचा सल्ला देणे आमचा अधिकार नव्हे. जे समजले ते साध्या भाषेत मांडणे एवढेच आमचे काम.

प्रथम भयाचा विचार करू. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे म्हणतात. हे बोल उगीच आलेले नाहीत. ज्या घरात आजी किंवा काकू बाळंतपणात गेली, त्या घरात सातव्या महिन्यात ओटी भरताना हसणाऱ्या चेहऱ्यांमागे धाकधूक असते. आज मात्र हा धोका पुष्कळ कमी झाला आहे. महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे दगावणाऱ्या मातांची संख्या २००४ ते २००६ या काळात १३० होती. २०१८ ते २०२० या काळात ती ३३ वर आली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शंभरापैकी सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. सुईणीच्या हातून घरी होणारे बाळंतपण आता बहुतेक ठिकाणी आठवणीत राहिले आहे.

तर मग भय गेले का? तसे दिसत नाही. बायांचे बोलणे नीट ऐकले, तर त्यात तीन प्रकारचे भय वेगळे काढता येते. पहिले मरणाचे. ते कमी झाले आहे. परंतु संग्रामपूर-जळगाव जामोद भागात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, जेथून मोठा दवाखाना दूर आहे आणि 'अकोल्याला न्या' एवढे शब्द ऐकूनच घरच्यांचे पाय गळतात, तेथे ते अजून आहे. दुसरे भय कळांचे. तिसरे भय वागणुकीचे. आपल्याला एकटीला आत नेतील, दार लागेल, काय चालले आहे ते कोणी सांगणार नाही, ओरडलो तर रागावतील, हे ते भय. आमच्या कानी सर्वांत अधिक आले ते हे तिसरे. एक बाई बोलता बोलता म्हणाली, "भाऊ, कळा तं माह्या माईनंही सोसल्या. पण तिच्यापाशी तिची माय होती." भयाचे मूळ या एका वाक्यात आले आहे.

कळ म्हणजे काय, हे आता पाहू. गर्भाशय हा स्नायूंचा मजबूत पिशवीसारखा अवयव आहे. तो आवळतो आणि सैल पडतो. प्रत्येक आवळण्याबरोबर त्याचे तोंड थोडे थोडे उघडत जाते, आणि साधारण दहा सेंटिमीटर उघडले म्हणजे मूल बाहेर येण्यास वाट होते. एक कळ सुमारे मिनिटभर टिकते, मग विसावा मिळतो. पहिलटकरणीला वेळ अधिक लागतो. तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा पहिला काळ कोणाचा किती लांबेल याचा नेम नाही. त्यापुढचा जोराचा काळ पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंत जाऊ शकतो. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, असा हिशेब पूर्वी धरीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले की हे गणित प्रत्येक बाईला लागू पडत नाही, आणि केवळ त्यावरून घाई करू नये. ही गोष्ट पहिलटकरणीला आधी कोणी सांगितली, तर आठव्या तासाला 'माझे काही चुकले का' या विचाराने ती घाबरणार नाही.

भय आणि कळ यांचा संबंध इंग्लंडमधील ग्रँटली डिक-रीड या डॉक्टराने १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मांडला. भीतीने शरीर आवळते, आवळल्याने वेदना वाढते, वेदना वाढली की भीती आणखी वाढते, असे त्याचे म्हणणे. घोड्याच्या पाठीवर प्रथमच बसलेला माणूस जितका अंग ताठ करतो तितका जास्त आदळतो, तसेच काहीसे हे आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु त्यातून एक वाईट अर्थही लोकांनी काढला. ज्या बाईला फार दुखले ती भित्री, तिचे मन कच्चे, असे म्हणण्याची सोय झाली. हे आम्हास मान्य नाही. कळ खरी असते. मुलाचे डोके, कंबरेच्या हाडांची ठेवण, मुलाची फिरकी, कळा वाढविण्यासाठी लावलेली सलाईन, या सर्वांनी ती कमीजास्त होते. धीट बाईलाही असह्य कळा येतात. घणाचा घाव बसलेल्या कामगाराला 'तू घाबरलास म्हणून दुखले' असे कोणी म्हणत नाही. बाळंतिणीलाही कोणी म्हणू नये.

दुसरा प्रश्न साधनांचा. एडिंबरो येथील जेम्स सिम्पसन याने १८४७ साली बाळंतपणात प्रथम ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले. त्यावर मोठा गदारोळ झाला. बाईने वेदना सोसूनच मूल जन्मास घालावे अशी देवाची आज्ञा आहे, ती मोडणारे तुम्ही कोण, असा सवाल काही धर्ममार्तंडांनी केला. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने आपल्या आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो याच्याकडून क्लोरोफॉर्म घेतले, आणि विरोधाचा जोर ओसरला. या हकिकतीतून आम्ही एक गोष्ट घेतो. राणीला कळा सोसवल्या नाहीत तेव्हा ते शास्त्र ठरले. मजुराच्या बायकोला सोसवत नाहीत तेव्हा तो नखरा ठरतो. हा भेद आजही गेलेला नाही.

आज जी साधने आहेत ती थोडक्यात अशी. पहिली फुकटची: चालणे-फिरणे, उकिडवे किंवा कुशीवर होणे, कंबर चोळणे, गरम पाण्याचा शेक, लांब श्वास, आणि जवळ आपले माणूस. सुईणी हे करीत असत आणि आजचे शास्त्रही यास मान देते. सतत उताणे निजवून ठेवणे हे बाईच्या सोयीपेक्षा तपासणाऱ्याच्या सोयीचे अधिक आहे. दुसरे साधन वायूचे: नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू निम्मे-निम्मे मिसळून मुखवट्यातून बाई स्वतः हुंगते. त्याने कळ जात नाही, पण तिची धार बोथट होते. काहींना मळमळ होते. तिसरे इंजेक्शनचे: त्याने गुंगी येते, कळ थोडी विसरते, परंतु मूल जन्मण्याच्या अगदी आधी दिले तर मुलालाही सुस्ती येऊ शकते. चौथे एपिड्युरल. कंबरेच्या मणक्यांमधून बारीक नळी घालून औषध सोडतात, बाई शुद्धीवर राहते आणि कळ जवळजवळ जाते. वेदना कमी करण्यात याच्या तोडीचे दुसरे साधन नाही. त्यासाठी मात्र भूलतज्ज्ञ हवा आणि रक्तदाबावर लक्ष हवे. शेवटचा टप्पा थोडा लांबूही शकतो. त्याने सिझेरियन वाढते, ही समजूत मोठ्या पाहण्यांत खरी ठरली नाही. 'मणक्यात सुई घेतली की कंबर कायमची गेली' असे आपल्याकडे घरोघरी म्हणतात. या पाहण्यांत त्यासही आधार मिळालेला नाही. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती सुई न घेतलेल्यांचीही दुखते.

कळांच्या धास्तीने काही घरे थेट सिझेरियन मागतात, आणि काही ठिकाणी ते चटकन देण्यातही येते. वर सांगितलेल्या पाहणीत देशातील सरकारी दवाखान्यांत शंभरात सुमारे १४ बाळंतपणे सिझेरियनने झाली, तर खासगी दवाखान्यांत सुमारे ४७. सिझेरियन हे जीव वाचविणारे ऑपरेशन आहे. गरज असेल तेथे क्षणाचाही विलंब नको. परंतु केवळ भयावर उपाय म्हणून ते करणे म्हणजे आधीची कळ टाळून नंतरची विकत घेणे होय. टाके घेऊन पंधरा दिवसांनी शेतात निंदायला जाणारी बाई आम्ही पाहिली आहे. भयावर उपाय हवा असेल, तर तो भयाच्या मुळाशी केला पाहिजे.

येथे पॅरिसच्या कामगारांची एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती आमच्या चळवळीतील लोकांनाही फारशी ठाऊक नाही. पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या संघटनेने स्वतःचा दवाखाना चालविला होता. तेथील प्रसूती विभागाचे प्रमुख फर्नांड लामाझ हे १९५१ साली सोव्हिएत रशियात गेले आणि तेथे औषधावाचून, केवळ शिकवणीच्या आधारे झालेले बाळंतपण त्यांनी पाहिले. परत येऊन १९५२ पासून त्यांनी तीच पद्धत कामगारांच्या बायकांसाठी सुरू केली. गरोदरपणातच वर्ग घ्यायचे, चित्रे दाखवून शरीरात काय होते ते समजावायचे, श्वासाचा सराव करून घ्यायचा, नवऱ्याला बरोबर येऊ द्यायचे, आणि दवाखान्यात झाडणाऱ्या बाईपासून डॉक्टरापर्यंत सर्वांनी बाळंतिणीशी कसे बोलावे हे शिकायचे. पुढे १९५६ साली पोप पायस बारावे यांनीही या पद्धतीत धर्मविरोधी काही नाही असा निर्वाळा दिला. आज ती लामाझचे वर्ग म्हणून जगभर चालते, आणि आपल्या शहरांत पैसे भरून शिकविली जाते. तिच्या पुरस्कर्त्यांनी 'वेदनारहित प्रसूती' असे नाव दिले ते मात्र अतिशयोक्तीचे होते. वेदना सर्वांच्या गेल्या नाहीत. परंतु साध्या कामगारणीला तिच्या शरीराचे ज्ञान द्यावे आणि दवाखान्याने तिच्याशी नीट बोलावे, ही मागणी कामगारांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या दवाखान्यात मान्य झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता तिसरा प्रश्न, समाधानाचा. बाळंतपणाबद्दल माता समाधानी केव्हा असते? कळ जितकी कमी तितके समाधान अधिक, असे कोणासही वाटेल. कॅनडातील एलन हॉडनेट या परिचारिका-संशोधिकेने २००२ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात चार गोष्टींचे वजन सर्वांत अधिक निघाले: बाईच्या मनातील अपेक्षा, तिला मिळालेला आधार, सांभाळणाऱ्यांशी तिचे जुळलेले नाते, आणि निर्णयात तिला मिळालेला वाटा. कळ आणि कळ कमी करण्याचे उपाय यांचे वजन यांच्यामागून. अमेरिकेतील पेनी सिमकिन यांनी १९९१ साली वीस बायकांना पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल विचारले. कोण काय बोलले, कोणी हात धरला, कोणी झिडकारले, हे त्यांना इतक्या वर्षांनीही जसेच्या तसे आठवत होते. आपल्याकडे कोणत्याही आजीला विचारून पाहा, हेच आढळेल.

आधाराबद्दल आणखी पुरावा आहे. १९८० साली ग्वाटेमाला देशातील एका दवाखान्यात असे करून पाहिले की काही बाळंतिणींजवळ, अगोदर ओळख नसलेली का होईना, एक बाई सतत बसवावी. ज्यांच्याजवळ अशी बाई होती त्यांची प्रसूती लवकर झाली. पुढे असे प्रयोग पुष्कळ झाले. २०१७ साली १७ देशांतील २६ प्रयोगांचा, पंधरा हजारांहून अधिक बायकांचा एकत्र आढावा निघाला. सतत जवळ माणूस असले की नैसर्गिक प्रसूती वाढते, सिझेरियन कमी होते, वेदनेची औषधे कमी लागतात आणि आपले बाळंतपण वाईट झाले असे म्हणणाऱ्या बायका कमी होतात, असे त्यात दिसले. ज्या औषधाचा इतका गुण आहे ते औषध कोणत्याही सरकारने विकत घेतले असते. हे तर फुकट आहे. बाळंतिणीची आई दाराबाहेर बसलेलीच असते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. समाधान मोजणे सोपे नाही. मालकाच्या कचेरीत, मालकासमोर कामगाराला विचारले की 'काही तक्रार आहे का?' तर तो 'नाही' म्हणतो. त्यावरून कारखान्यात सुख आहे असे कोणी समजत नाही. बाळंतिणीला खाटेवर विचारले तर तीही 'सगळे चांगले झाले' असे म्हणते. मूल कुशीत असते, जीव वाचलेला असतो, आणि विचारणारा दवाखान्याचा असतो. शिवाय जिला चापट बसेल अशी भीती होती तिला नुसते रागावणेही दयाळूपणाचे वाटते. अपेक्षाच खाली गेली तर समाधान सहज मिळते. म्हणून खरे विचारायचे तर सव्वा महिन्यानंतर, माहेरच्या ओसरीवर, दवाखान्याशी संबंध नसलेल्या बाईने विचारावे.

आणि वागणुकीची गोष्ट निघाली म्हणजे परिचारिकांची बाजूही मांडली पाहिजे. ती न मांडणे हा अन्याय होईल. कळांनी ओरडणाऱ्या बाईला 'तेव्हा नाही का कळले?' असे हिणविणारे शब्द वापरले जातात, ते निंद्यच आहेत. परंतु जी परिचारिका एकटी, एकाच रात्री तीन-चार बाळंतिणी सांभाळते, जिची बदली-पाळी वेळेवर येत नाही, तिच्याकडून गोड शब्दाची अपेक्षा आपण कशाच्या बळावर करतो? तीही 'लेबर रूम'मधली मजूर आहे. बाळंतिणीचा सन्मान आणि परिचारिकेची पुरेशी संख्या या दोन मागण्या एकमेकींविरुद्ध नाहीत. एकीवाचून दुसरी पुरी व्हायची नाही. बाळंतिणीची आई जवळ बसू दिली तर परिचारिकेचेही काम हलके होते, हे आम्हास परिचारिकांनीच सांगितले.

मराठी मुलखाने या विषयात पूर्वी वाट दाखविली आहे. आनंदीबाई जोशी यांचे मूल त्या चौदा वर्षांच्या असताना अवघे दहा दिवसांचे होऊन गेले. १८८३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करताना त्यांनी हिंदुस्थानात स्त्रीवैद्यांची गरज किती आहे ते सांगितले होते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांचा प्रबंधही बाळंतशास्त्रावरच होता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या प्रसूतीविषयीचे बिल आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. १९२९ साली तो कायदा झाला. मध्य प्रांतात, ज्याच्याशी आपले वऱ्हाड त्या वेळी जोडलेले होते, असा कायदा १९३० साली आला. १९६१ साली देशभराचा कायदा झाला आणि २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु कापूस वेचणारी, सोयाबीन सोंगणारी, ठेकेदाराच्या हाताखालची बाई या रजेच्या बाहेरच राहिली. तिच्या वाट्याला येते ती दवाखान्याची खोली. म्हणून त्या खोलीत तिला काय मिळते, हा आमच्या दृष्टीने मजुरीचाच प्रश्न आहे.

मागावयाचे काय, ते फार मोठे नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एका स्त्री नातेवाइकास बसू देण्यास मान्यता दिली. तिने स्वच्छ कपडे घालावेत, तिला संसर्गाचा आजार नसावा आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, एवढ्या अटी आहेत. २०१७ साली 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम निघाला, त्यातही सन्मानाची वागणूक आणि सोबतीण या गोष्टी आहेत. म्हणजे हक्क कागदावर आहे. बाईला तो ठाऊक नाही. आशाताईंनी सातव्या महिन्यात घरी सांगावे, ग्रामपंचायतीने भिंतीवर लिहावे, संघटनेने हजेरीच्या जागी लावावे. दुसरे, प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात गरोदर बायांना महिन्यातून एकदा कळ म्हणजे काय हे चित्रांनी समजावावे आणि प्रसूतीची खोली आधी दाखवावी. पाहिलेल्या खोलीचे भय निम्मे होते. तिसरे, सोबतीणीसाठी आडपडदा असावा. दोन खाटांमध्ये एक पडदा लावण्यास फार खर्च येत नाही. चौथे, कळ कमी करण्याचे साधन मागणारीला ते मिळावे. २०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे भूलतज्ज्ञ घडतील आणि राहतील, तेव्हा एपिड्युरल केवळ पैसेवाल्यांची चीज राहू नये, हे आतापासून सांगून ठेवले पाहिजे. जिला ते नको असेल तिच्यावर ते लादूही नये.

सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान आपल्याच जिल्ह्यात आहे. दरवर्षी १२ जानेवारीला तेथे लाखो माणसे मातेपुढे डोके टेकवितात, आणि ते योग्यच आहे. त्या दिवशी परत जाताना प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात डोकावून एवढेच विचारावे, की येथे बाळंतिणीजवळ तिच्या आईला बसू देतात का? उत्तर 'हो' असेल तर तेथील परिचारिकेचे आभार मानावेत. उत्तर 'नाही' असेल तर शांतपणे २०१६ च्या परवानगीची आठवण द्यावी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन विचारावे.